थैली घेऊ नका, थैली घ्या

लूकच्या शुभवर्तमानात थैलीबद्दल दोन आज्ञा आहेत आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत. दहाव्या अध्यायात येशू शिष्यांना गावोगाव पाठवतो तेव्हा थैली, झोळी, वहाणा, काही म्हणजे काही बरोबर घ्यायचं नाही. बाविसाव्यात, शेवटच्या भोजनाच्या रात्री, तो त्यांना विचारतो की तसं पाठवलं तेव्हा काही कमी पडलं होतं का. ते नाही म्हणतात. मग तो सांगतो, आता मात्र ज्याच्याकडे थैली आहे त्यानं ती घ्यावी, झोळीही घ्यावी. (त्यापुढचं तलवारीचं वाक्य अवघड आहे. त्यावर विद्वानांचं भांडण चालू आहे, चालू दे.)

पहिल्या आज्ञेवर मी उभ्या आयुष्यात भरपूर प्रवचनं ऐकली. दुसरीवर एकही आठवत नाही. पुतणीच्या निरोपाच्या प्रार्थनासभेतही दहावा अध्यायच वाचला गेला. वाचणाऱ्यांच्या घरचं कुणी परदेशी गेलेलं नाही.

*

पुतणी नर्स आहे. नगरमध्ये आयसीयूत रात्रपाळ्या करून तयार झालेली. आता इंग्लंडला, लँकशायरमध्ये निघालीय. परवा भांडी घासता घासता म्हणाली, "आत्या, मला काहीच येत नाही असं वाटायला लागलंय."

हे तिनं मंडळीत म्हणायची सोय नाही. तिथं लगेच उत्तर येतं : प्रभु सांभाळेल. ते खरं नाही असं मी म्हणत नाही. पण हे उत्तर इतकं चटकन येतं की विचारणाऱ्याचं वाक्य पुरतं ऐकलंच गेलेलं नसतं.

*

कागदपत्रांचा घोळ. जन्मदाखल्यावर अहमदनगर, नव्या दाखल्यावर अहिल्यानगर. फॉर्ममध्ये जन्मस्थान एकच लिहायचं. दादा तीन दिवस फोनवर होता. शेवटी पासपोर्टावर जे आहे तेच सगळीकडे लिहायचं ठरलं. अब्राहामाला कुठं जायचं ते ठाऊक नव्हतं, पण कुठून निघालो हे तरी त्याला कुणी विचारलं नव्हतं.

*

आमच्याकडे संध्याकाळी परीक्षा चालते. इंग्लंडात नर्स म्हणून नोंदणी व्हायची तर इंग्रजीची परीक्षा, कॉम्प्युटरवरची परीक्षा, आणि तिथं पोहोचल्यावर ओस्की नावाची प्रात्यक्षिक परीक्षा. ओस्कीत खोटा पेशंट असतो आणि बाजूला तपासनीस. वहिनी दिवाणावर पेशंट होऊन पडते.

पुतणी पडदा ओढल्यासारखं करते, हात धुतल्यासारखं करते, आपलं नाव सांगते, "तुम्हाला काय म्हणून हाक मारलेली आवडेल?" असं विचारते. मग मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहायला जन्मतारीख विचारते. वहिनी म्हणते, "तुला माहीत नाही का?"

हसून झालं की पुन्हा पहिल्यापासून. यातली गोम मला पाहता पाहता कळली. नगरच्या वॉर्डात ही पोरगी "मावशी, हात द्या बरं" म्हणते आणि मावशीच्या लक्षात यायच्या आत शीर सापडलेली असते. ओस्कीत हात जे करतात ते तोंडानं बोलून दाखवावं लागतं. आता मी नाडी पाहतेय, आता श्वास मोजतेय, तुमची हरकत नाही ना. न बोलता केलेलं काम तिथं केलेलं धरत नाहीत. म्हणजे तिला येत नाही असं काही नाही, येतं ते नव्यानं मांडायला शिकायचंय. हे मी तिला सांगितलं तर म्हणाली, "तेच तर येत नाही."

*

निरोपाला आलेल्या भेटींमध्ये दोन मग आणि एक फ्रेम. तिन्हींवर यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं तेच वचन, देवाचे आपल्याविषयीचे संकल्प भल्याचे आहेत असं सांगणारं.

फ्रेमवाल्यांनी आधीचं वाचलेलं दिसत नाही. तो अध्याय म्हणजे मुख्यतः यरुशलेमहून बाबेलला नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे. त्यात मुख्य निरोप असा की घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याचं भलं मागा, कारण सत्तर वर्षं लागणार आहेत. सत्तर! ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण तोवर हयात नसणार. आणि त्याच काळात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा, देवाचंच नाव घेऊन, दोन वर्षांत सगळे घरी येतील असं सांगत होता. लोकांना साहजिकच हनन्या आवडला असणार. आजही मगवर छापायला तोच जास्त योग्य.

परदेशी निघालेल्याला विश्वास ठेव म्हणणारे दोन प्रकारचे असतात, यिर्मयाच्या जातीचे आणि हनन्याच्या जातीचे. दोघांच्या तोंडी देवाचंच नाव.

*

मोशे. जळत्या झुडपापुढे उभा राहून सबबी सांगतोय : मी कोण, लोक ऐकणार नाहीत, माझी जीभ जड आहे. देव त्याची जीभ हलकी करत नाही. "तू छान बोलतोस" असं खोटं प्रोत्साहनही देत नाही. रागावतो, आणि बोलायला अहरोन देतो.

हाच अहरोन पुढे लोकांच्या आग्रहाखातर सोन्याचं वासरू करतो. देवानं दिलेला मदतनीस होता, तरीही.

*

पंडिता रमाबाईंवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं, पण बहुतेकांचं लक्ष धर्मांतरावर. मला सध्या त्यांचा इंग्लंडमधल्या वाँटेजचा काळ परदेशी गेलेल्या बाईचा काळ म्हणून वाचावासा वाटतो.

१८८३ चा एप्रिल. वय पंचवीस. आई-वडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेलेली, पुढे भाऊ गेला, नवरा १८८२ मध्ये कॉलऱ्यानं. कडेवर दोन वर्षांची मनोरमा. संस्कृत अफाट, इंग्रजी तुटपुंजं. जहाजाच्या भाड्याला पैसे 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या विक्रीचे. डॉक्टर व्हायचं म्हणून निघालेल्या, आणि ख्रिस्ती होणार नाही असं सांगून निघालेल्या. बरोबर मैत्रीण आनंदीबाई भगत. उतरल्या त्या वाँटेजच्या सेंट मेरी द व्हर्जिन संघाच्या मठात, ज्याच्या सिस्टर्स पुण्यात काम करत होत्या. राहण्याजेवण्याच्या बदल्यात हिंदुस्थानात जाणाऱ्या सिस्टर्सना मराठी शिकवायचं.

आणि मग एकेक गोष्ट हातातून जायला लागली. कानांनी दगा दिला, बहिरेपण वाढलं, त्यामुळे वैद्यकी शिकणं बंद. आनंदीबाई भगतनं काही महिन्यांतच जीव दिला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २९ सप्टेंबर १८८३ ला, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

या क्रमाकडे बघून टीकाकार म्हणणार की एकट्या पडलेल्या बाईला गाठलं. भाविक म्हणणार की दुःखात प्रभु भेटला. पुढं काय झालं ते बघितलं तर दोन्ही म्हणणी अपुरी पडतात.

*

पुढं झालं ते भांडण. रमाबाई आणि मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांचा पत्रव्यवहार सिस्टरनंच जपून ठेवला आणि १९७७ मध्ये अ. भि. शहांच्या संपादनाखाली तो छापला गेला. तो वाचताना एक गोष्ट सतत जाणवते. बाप्तिस्मा झाला म्हणजे ही बाई आता आपलं ऐकणार, अशी मठाची समजूत होती, आणि रमाबाईंची अजिबात नव्हती. अन्न मठाचं, छत मठाचं, चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकायची सोयही त्यांच्या ओळखीतून. तरी त्या त्रैक्यावर शंका काढतात, मुलीला कोण काय शिकवणार यावर अडून बसतात. क्रुसावर लॅटिन कोरलेलं का, संस्कृत का नाही, म्हणून हट्ट धरतात. शाकाहार सोडत नाहीत, तेव्हा सिस्टरला हा जुन्या जातीचा ताठा वाटतो. पुरुष विद्यार्थ्यांना संस्कृत शिकवायचा प्रश्न निघाला तर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी त्यावर उत्तर दिलं ते खाली मान घालून नव्हे.

जेराल्डीनवर राग धरणं सोपं आहे. पण तिला खरंच काळजी होती, आणि तिच्या हिशेबात देवावरचा विश्वास व धर्मगुरूंवरचा विश्वास यांच्यात फट नव्हती. रमाबाईंना ती फट दिसत होती. पुरोहितांच्या एका जोखडातून सुटलेल्या बाईला दुसरं जोखड लांबूनच ओळखू आलं. आणि ज्यांच्यावर पोटासाठी अवलंबून आहोत त्यांना हे तोंडावर सांगायला काय लागतं, ते परक्या देशात दुसऱ्याच्या घरी राहिलेल्यालाच कळेल.

*

याहून मोठी गंमत त्यांच्या १९०७ च्या साक्षीत आहे. त्यात त्या सांगतात की ख्रिस्ती धर्म त्यांना आधी मिळाला आणि खुद्द ख्रिस्त बऱ्याच नंतर, बाप्तिस्म्याला आठ वर्षं होऊन गेल्यावर. म्हणजे इंग्लंड, तिथलं भांडण, अमेरिका, विधवांसाठी काढलेलं शारदा सदन, हे सगळं जिला अजून आत ठाव लागलेला नव्हता अशा बाईनं केलेलं. आमच्या मंडळीत उलटं सांगतात. आधी मन शांत होऊ दे, मग पाऊल टाक. रमाबाई थांबल्या असत्या तर वाँटेजलाच राहिल्या असत्या.

*

१८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाला गेल्या त्या आनंदीबाई जोशींच्या वैद्यकीच्या पदवीदानासाठी, ११ मार्चच्या समारंभाला. थोड्या मुक्कामाचा बेत होता, राहिल्या अडीच वर्षांहून जास्त. बालवाडीची पद्धत शिकल्या, 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' लिहिलं, ठिकठिकाणच्या सभांतून बोलल्या, बॉस्टनला त्यांच्या नावाचं मंडळ निघालं. सुरुवातीला तुटपुंजं असलेलं इंग्रजी आता अमेरिकन चर्चांतून पैसे उभे करत होतं. तयारी अशी झाली, मुक्काम लांबत गेला तशी.

*

आनंदीबाई जोशींची दुसरी बाजू. नवऱ्यानं, गोपाळरावांनी, त्यांच्या शिक्षणाला मदत मागत मिशनऱ्यांना लिहिलं तर उत्तर आलं त्यात ख्रिस्ती व्हायची सूचना. तो पत्रव्यवहार अमेरिकेतल्या मिशनरी नियतकालिकात छापला गेला, आणि तो अंक न्यू जर्सीच्या थिओडोसिया कार्पेंटर यांनी दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत असताना वाचला. पुढचं सगळं त्यातून. आनंदीबाई हिंदू म्हणून गेल्या, हिंदू म्हणून परतल्या, आणि त्या गेल्यावर, ज्या ख्रिस्ती बाईनं त्यांना मुलीसारखं सांभाळलं तिनं आपल्या घरच्या दफनभूमीत त्यांच्या अस्थींना जागा दिली. विश्वास कुणी कुणावर ठेवला याचा तक्ता करायला गेलं तर रकाने अपुरे पडतात.

*

नगरच्या ख्रिस्ती घरांतून अमेरिकन मिशनऱ्यांच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. हॅरिएट न्यूएलची गोष्ट मला लहानपणी फार आवडायची. आता वाचवत नाही.

फेब्रुवारी १८१२ मध्ये नवऱ्याबरोबर सेलमहून निघाली तेव्हा अठरा वर्षांची होती. कलकत्त्याला कंपनी सरकारनं राहू दिलं नाही. मॉरिशसकडे निघालेल्या जहाजावर बाळंत झाली, बाळ गेलं, ३० नोव्हेंबरला पोर्ट लुईला ती गेली. एकोणीस वर्षं. एकाही माणसाला एक शब्द सांगायची वेळ आली नाही. तिच्या रोजनिशीचं आणि पत्रांचं पुस्तक अमेरिकेत इतकं खपलं की मुलींची नावं तिच्यावरून ठेवली गेली. पुढच्या कितीतरी जणी ते वाचून निघाल्या.

तिच्या विश्वासाबद्दल मला काही म्हणायचं नाही. तिला पाठवणाऱ्यांबद्दल आहे. कंपनी मिशनऱ्यांना थारा देत नाही हे त्यांना माहीत होतं. तिच्या मरणाचा त्यांनी धडा केला, आणि तो धडा स्वतः घेतला नाही.

तिचा नवरा सॅम्युएल मात्र पुढे मुंबईला आला, गॉर्डन हॉलबरोबर मराठी शिकला, १८२१ मध्ये कॉलऱ्यानं गेला. हॉललाही मुंबईतून हाकलायचा हुकूम झाला होता. तो अर्जांवर अर्ज करून टिकला. हे दोघे निघण्याआधी फिलाडेल्फियाला थोडी वैद्यकी शिकून आले होते. मार्च १८२६ मध्ये हॉल नाशिकला गेला तेव्हा तिथं पटकीनं कहर केला होता. जवळची औषधं वाटून टाकली. परतीच्या वाटेवर दोडी दापूरला त्यालाच पटकी झाली तेव्हा औषध उरलं नव्हतं. इथं थैली रिकामी होती ती आधीच दुसऱ्यांवर खर्च झाली म्हणून. दहाव्या अध्यायावरच्या प्रवचनात हॉल घालावा, हॅरिएट नको.

*

फादर स्टीफन्स इंग्लंडमधून निघाले, कारण कॅथलिक माणसाला तिथं सुखानं राहता येत नव्हतं. १५७९ मध्ये गोव्याला पोहोचले. त्यांचं मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापून निघालं, सुमारे अकरा हजार ओव्या. मधे सदतीस वर्षं. आम्ही पुतणीकडून सहा महिन्यांत लँकशायरची बोली समजण्याची अपेक्षा करतोय.

*

पुतणीच्या बॅचमधली एक मुलगी सौदीत आहे. तिथं एकही चर्च नाही. रविवार हा कामाचा दिवस. ती सांगत होती की खोलीतल्या तिघी, एक केरळची, एक फिलिपिन्सची आणि ही, शुक्रवारी दार लावून बसतात. प्रार्थना ज्या त्या भाषेत. गाणं हळू आवाजात. हिच्याकडे 'उपासना संगीत' या गीतपुस्तकाचे फोनवर काढलेले फोटो आहेत, तेही काही पानं अर्धवट.

मी विचारलं, चर्चची आठवण येते का. म्हणाली, "आठवण येते ती चर्चनंतरच्या वड्याची." पुढं म्हणाली, "इथं मला कुणी विश्वास ठेव म्हणत नाही, त्यामुळे बरं चाललंय."

*

इंग्लंडमधला रविवार वेगळा असणार. तिथं चर्च आहे, दगडी, जुनं, आणि आत सगळी पिकली डोकी. उपासनेनंतर चहा-बिस्किट मिळतं, हे जाऊन आलेले सगळे सांगतात. चहाला बोलावतात आणि घरी बोलावत नाहीत, हेही सांगतात. आमच्या मंडळीतल्या एका मुलानं तिथं खुर्च्या मांडायचं काम अंगावर घेतलं तेव्हा कुठं लोक नावानं हाक मारायला लागले. पुतणीला हे सांगितलं तर ती वैतागून म्हणाली, "म्हणजे सुट्टीच्या दिवशीही ड्यूटी." तिचं बरोबर आहे. तिला निदान पहिला महिना नुसतं बसून राहू द्यावं.

*

बॅगेचं वजन. काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, छोटा कुकर, स्वेटर, बायबल. वहिनी बायबल हातातल्या पिशवीत ठेव म्हणते, म्हणजे वजनात धरणार नाहीत. कुकरची शिट्टी मात्र निघायच्या आदल्या दिवशी वेगळी काढून ठेवायची असं तिनं ठरवलंय. का, ते तिलाच माहीत.

*

एजंटाचा विषय. हा गृहस्थ निरोपाच्या सभेला स्वतः हजर होता. त्यानं साक्ष दिली, प्रभूनं त्याच्या हातून किती मुलींना मार्ग दाखवला त्याची. प्रार्थनेत त्याचं नाव घेऊन उपकारस्तुती झाली. मी डोळे मिटले नव्हते.

आपल्या कायद्यानं नोंदणी असलेल्या भरती एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. ब्रिटनची आरोग्य कर्मचाऱ्यांच्या भरतीची आचारसंहिता तर उमेदवाराकडून भरतीचे पैसे घेऊच नका म्हणते. दादानं किती दिले ते तो मला नीट सांगत नाही. पावती आहे का विचारलं तर म्हणाला, "अगं, आपल्याच मंडळीतला माणूस आहे."

एजंट वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, मला माहीत नाही. पण त्यानं साक्ष दिली म्हणून पावती मागायची नाही, हे मला रमाबाईंच्या पुस्तकात कुठं सापडत नाही. लूकमध्येच बुरूज बांधणाऱ्याची गोष्ट आहे. तो आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, आणि येशू त्याला अविश्वासू म्हणत नाही.

*

काल करारनामा घेऊन मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांकडे गेलो. कोर्टातून निवृत्त झालेले कारकून. त्यांनी पट्टी ठेवून ओळ ओळ वाचली, पुतणीला प्रत्येक कलम मराठीत सांगायला लावलं. एका कलमावर थांबले : मुदतीआधी नोकरी सोडली तर आणण्याचा खर्च परत द्यायचा. किती, ते लिहिलेलं नाही.

"विचार," म्हणाले.

"अंकल, आता विचारलं तर त्यांना वाटेल मी सोडायच्याच विचारात आहे."

"वाटू दे. आकडा लेखी मागव."

तिनं तिथंच बसून मेल लिहिला. इंग्रजी तिचंच, त्यांनी फक्त दोन ठिकाणचं 'प्लीज' काढलं. मग चहा झाला आणि त्यांनी छोटीशी प्रार्थना केली.

उत्तर अजून आलेलं नाही. आकडा कळल्याशिवाय तिकिटाचे पैसे भरायचे नाहीत असं दादानं, कधी नव्हे ते, ठरवलंय. वहिनी त्याच्यावर चिडलीय, कारण दिवसागणिक तिकीट महाग होतंय. एजंटाचे दोन फोन येऊन गेले.